नवव्या ओळीतले पक्षी

"काका, आधी इकडे या. ओरडायचं ते नंतर ओरडा."

मशीनच्या खोलीतून ठिणगीची हाक आली तेव्हा पेंटर काचेच्या केबिनमध्ये एका दंतवैद्याच्या पाटीवरची अक्षरं ओळीत बसवत होते. हाक नेहमीची वाटली नाही. एरवी ही मुलगी चार दुकानांपलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारायची. आजची हाक घशातच अर्धी राहिली होती.

ते आत गेले. लेसर मशीनचं झाकण उघडं होतं, धूर ओढणारा पंखा अजून घरघरत होता. आत अक्रोडाच्या लाकडाची चार फुटी चौरस प्लाय पडली होती. एका इस्पितळातल्या मुलांच्या विभागासाठी आडोसा करायचा होता. एका बाजूला मुलांनी वाट बघत बसायचं, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचं टेबल, आणि मध्ये ही लाकडी जाळी. जाळीत उडणारे पक्षी, चौदा आडव्या ओळी आणि दर ओळीत चौदा, म्हणजे एकशे शहाण्णव. शुक्रवारी बसवून द्यायचं कबूल केलं होतं. आज मंगळवार होता.

पक्षी कापून झाले होते. त्यातल्या चौदांच्या कडा मात्र कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या. आजूबाजूला धुराचा तपकिरी डाग पसरला होता, आणि दोन पंखांच्या मधली काडीएवढी पट्टी ठिणगीने नुसतं बोट लावताच चुरा होऊन खाली पडली.

"सगळे एकाच उभ्या ओळीत," ती म्हणाली. "डावीकडून नववी. आठवी बघा, दहावी बघा, लोण्यासारखी कापलीयत. नववीलाच काय झालं मेलं, कळत नाही."

लेसर चालवणारी ही मुलगी दुकानात येऊन अडीच महिने झाले होते. पहिल्याच दिवशी मशीनमधून जळका तुकडा उडाला तेव्हा तिने तो उघड्या हाताने चिमटीत पकडून विझवला होता. तेव्हापासून तिचं नाव ठिणगी पडलं. तीन महिने पुरे झाले की तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. म्हणजे येत्या पहिल्या तारखेला.

तेवढ्यात वहिनी आल्या. वहिनी म्हणजे मालकीणबाई. मूळ मालक पेंटरांचा जिवलग दोस्त. तो गेल्यावर त्याच्या बायकोने दुकान चालवायला घेतलं, आणि पेंटर वहिनी म्हणत म्हणून कामगार, गिऱ्हाईकं, वीजबिलवाला, सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, जळक्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"बेड लेव्हल केला होतास?"

"केला होता वहिनी. कालच."

"नीट?"

"नीट म्हणजे... केला होता."

"मग ही ओळ काय आकाशातून पडली? त्या जागी बेड वर आलेला असणार. किरण लाकडाच्या जवळ पडला, जळलं. साधी गोष्ट आहे."

गोष्ट खरोखर साधी वाटत होती. मशीनचा बेड, म्हणजे लाकूड ठेवायचा पाट, एका पट्ट्यात मिलिमीटरभर उचलला गेला तर असंच व्हायला हवं.

"गेल्या आठवड्यात त्या वकिलाच्या पाटीतलं एक अक्षर वितळलं," वहिनी बोटं मोजू लागल्या. "त्याआधी किल्ल्यांना लावायचे बिल्ले, त्यातले सहा करपले. आता हे. दुसरी प्लाय एकच शिल्लक आहे, आणि हे लाकूड पुन्हा मिळायला महिना लागतो. पहिलीला तुझं ठरवायचंय मला. तूच सांग, काय ठरवू?"

पेंटर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, दोन्ही हात पॅन्टच्या खिशात. गेलं दीड वर्ष ते असेच उभे राहत.

*

पेंटरांनी तीस वर्षं ब्रशने अक्षरं काढली होती. दुकानांची शटरं, होड्यांची नाकं, शाळांच्या भिंती, बसच्या पाठी. वीस फूट भिंतीवर एका दमात सरळ रेघ मारावी तर त्यांनीच. हाताखाली काठी धरायची गरज इतरांना लागायची. पेंटर करंगळीचं टोक भिंतीला टेकवून चालू लागत, आणि रेघ त्यांच्याबरोबर चालू लागे.

मग एका हिवाळ्यात एका अक्षराची शेपटी हलली. थंडी असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उन्हाळ्यातही हलली. मग त्यांनी एक दिवस दुकानात जाहीर केलं की आता ब्रशचे दिवस गेले, आपण कॉम्प्युटर शिकणार. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. सत्तावन्नाव्या वर्षी नवं शिकणारा माणूस! वहिनींनी तर नवी खुर्ची आणून दिली. आपण नव्याकडे धावत नाही, जुन्यापासून पळतोय, हे पेंटरांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि कॉम्प्युटरनेही त्यांना चांगलं सांभाळून घेतलं. चित्रं आखायच्या त्या प्रोग्रॅममध्ये वरच्या पट्टीवर चुंबकाचं एक चित्र होतं. ते चालू असलं की कुठलीही वस्तू रेघेच्या जवळपास न्यायची, बस; उरलेलं अंतर ती स्वतःच उडी मारून पार करायची आणि अचूक रेघेवर जाऊन बसायची. हात थरथरला, माउसचा बाण इकडेतिकडे नाचला, तरी चुंबक ते सगळं पोटात घालायचं. पहिल्या दिवशी हे बघितलं तेव्हा पेंटर बराच वेळ एक चौकोन रेघेपासून दूर नेत आणि परत आणत बसले होते. दर वेळी तो टच करून जागेवर बसत होता.

दुसरं त्यांचं आवडतं म्हणजे जुळं. हा शब्द त्यांचाच. कंट्रोल धरून डी दाबलं की निवडलेल्या वस्तूची हुबेहूब प्रत तयार होते. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ही प्रत मूळ वस्तूच्या बरोबर अंगावर बसे, केसाइतकाही फरक नाही, त्यामुळे स्क्रीनवर काही घडल्यासारखं वाटतच नसे. प्रत धरून बाजूला ओढायची, शेजारच्या जागेजवळ न्यायची, चुंबक ती बसवून देणार. पुन्हा कंट्रोल-डी, पुन्हा ओढायचं. पक्ष्यांची पहिली ओळ त्यांनी अशीच केली होती. मग ती अख्खी ओळ निवडून तिचं जुळं, ते एक घर खाली. असं तेरा वेळा.

जेवणाच्या सुट्टीत दुकान रिकामं झालं. पेंटर केबिनमध्येच बसून राहिले. डबा उघडला नाही. नववीच का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. बेड वर आला असता तर जळण्याला कडेने पुसट होत गेलेली छटा दिसली असती. आठवीची उजवी बाजू थोडी करपली असती, दहावीची डावी. लाकूड काही ओळी मोजत नाही. नववी पूर्ण जळते आणि शेजारणी कोऱ्या राहतात, म्हणजे ज्याने जाळलं त्याला ओळी माहीत होत्या.

पक्ष्यांची फाइल मागे उघडीच होती, ती त्यांनी पुढे आणली. कंट्रोल-ए दाबून सगळे पक्षी एकदम निवडले. खालच्या पट्टीत आकडा आला: २१०.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. दोनशे दहा. चौदा जास्त.

पहिल्या ओळीतला नववा पक्षी निवडून त्यांनी बाणाची कळ दाबत राहून तो हळूहळू बाजूला सरकवला. खाली दुसरा पक्षी होता. तसाच, तिथेच, त्याच आकाराचा. कंट्रोल धरून झेड दाबत त्यांनी वरचा परत जागेवर नेला.

मग सगळं उलगडलं. नवव्या पक्ष्याचं जुळं करताना बोटाने डी एकदाच दाबला नव्हता. बोट थरथरलं होतं आणि डी दोनदा पडला होता. एक प्रत दहाव्या जागी गेली, दुसरी नवव्याच्या अंगावर चिकटून राहिली. मग ओळीचं जुळं काढताना तीही प्रत्येक ओळीत उतरत गेली. मशीन बिचारं हुकुमाचं ताबेदार. त्याला एका जागी दोन पक्षी दिसले, त्याने त्याच कडेवरून दोनदा किरण फिरवला. वकिलाचं अक्षर. किल्ल्यांचे बिल्ले. सगळं असंच झालं असणार. चुंबकाने जे झाकून ठेवलं होतं ते या एका बटणाने लाकडावर काळ्या अक्षरात लिहून दाखवलं होतं.

पेंटरांनी काचेतून बाहेर बघितलं. कुणी नव्हतं.

मग त्यांनी एकेक करून वरचे चौदा पक्षी निवडले आणि पुसले. एक पुसला, खाली दुसरा तसाच दिसला. स्क्रीनवर काहीच बदललं नाही. चौदा वेळा काहीच बदललं नाही. शेवटी आकडा आला: १९६. त्यांनी फाइल सेव्ह केली. आता दुसरी प्लाय स्वच्छ कापली जाणार होती. ठिणगीने बेड नीट केला म्हणून ठीक झालं, असं सगळे म्हणणार होते. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

म्हणजे पेंटरांचं बिघडणार नव्हतं.

*

दुपारभर ठिणगी गुडघ्यांवर बसून बेड मोजत होती. हातात घड्याळासारखं काटा फिरणारं माप, दुसऱ्या हातात पाना. एका कोपऱ्यातला स्क्रू पाव आटा फिरवायचा, काटा बघायचा, दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. बाहेर वहिनी मशीनवाल्या मेकॅनिकला फोनवर उद्या सकाळी यायला सांगत होत्या. "मुलगी नवीन आहे हो," असं त्यांनी दोनदा म्हटलेलं पेंटरांनी ऐकलं.

चारच्या सुमाराला ठिणगी केबिनच्या दारात आली. कपाळावर काजळी होती.

"काका, मी तीनदा मोजलं. बेड सरळ आहे. नवव्या ओळीखाली तर मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा फरक नाही. मला वेड लागलंय का हो?"

पेंटर तिच्याकडे बघत राहिले. शब्द जिभेवर आला होता. अगदी टोकाशी आला होता.

"होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "मशीन आहे."

"हो ना," ती म्हणाली आणि परत गेली. पेंटरांना वाटलं, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

घरी बायको शेंगा सोलत बसली होती. तिने उठून चहा केला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. अर्धा. पेंटरांनी आज पहिल्यांदा त्या अर्ध्या कपाकडे नीट बघितलं.

"हल्ली अर्धाच का देतेस गं?"

"पूर्ण दिला की सांडतो."

"मला वाटलं दूध महागलं."

"दूध महागलंच आहे," बायको म्हणाली, "पण ते दीड वर्षापूर्वी नव्हतं महागलं."

बायकोने एक शेंग सोलली, मग दुसरी.

"शर्टाची बटणं मीच लावून ठेवते, ते काय हौस म्हणून? तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं. तुम्ही तर मूग गिळून बसलात. आज काय झालंय? तोंड असं का झालंय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. नववी ओळ, जुळे पक्षी, बेडखाली गुडघ्यांवर बसलेली मुलगी, आणि पुसून टाकलेले चौदा. बायकोने शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"त्या पोरीला काढतील?"

"काढतीलच असं नाही. कायम करणार नाहीत."

"म्हणजे काढतीलच."

"अगं पण मी सांगितलं तर माझं काय? तीस वर्षं पेंटर म्हणतात मला. हात हलतो म्हटल्यावर काय म्हणतील?"

"पेंटरच म्हणतील. तुमचं खरं नाव माहितीये कुणाला तिथे?"

पेंटरांना हसू आलं आणि ते आवरलंही नाही. बायको हसली नाही. तिने उठून पातेल्यातला उरलेला चहा कपात ओतला, काठोकाठ, आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा सांडला. बाकीचा प्यायले.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

"मला नका सांगू. तिकडे सांगा."

*

सकाळी ते सगळ्यांच्या आधी पोहोचले. कॉम्प्युटर ते कधी बंद करत नसत, नुसती स्क्रीन मालवत. फाइल काल सोडली तशीच उघडी होती. वहिनी आल्या, पाठोपाठ ठिणगी आली. पेंटर दारात उभे राहिले. आज हात खिशाबाहेर होते.

"दोघीही जरा केबिनमध्ये या. मेकॅनिक यायच्या आत."

वहिनी घाईत होत्या. "काय पेंटरकाका, फोनवर बोलायचंय मला..."

"पाच मिनिटं, वहिनी."

त्या दोघी खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पेंटरांनी कंट्रोल-ए दाबलं आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. एकशे शहाण्णव. बोट स्क्रीनवर टिकटिक वाजत राहिलं. ते त्यांनी मागे घेतलं नाही.

"काल दुपारी मी यातून चौदा पक्षी पुसले. ते आता परत आणतो. बघत राहा."

कंट्रोल धरून ते झेड दाबू लागले. एक. दोन. तीन. स्क्रीनवर काहीच बदलत नव्हतं. दर वेळी पुन्हा सगळे निवडून ते नुसता आकडा दाखवत होते. एकशे सत्त्याण्णव, एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे दहा झाले तेव्हा बोट पुन्हा एकदा पडलं आणि सगळ्यात खालची ओळ अख्खी नाहीशी झाली.

"हे बघा," पेंटर म्हणाले. "हेच दाखवायचं होतं. मी थांबलो होतो. बोट थांबलं नाही."

त्यांनी ओळ परत आणली. नवव्या पक्ष्याला बाजूला सरकवून खालचा दाखवला. आणि मग दोन्ही हात समोर धरले, तळवे खाली, बोटं सुटी. वाऱ्यावर पानं हलावीत तशी ती हलत होती. खोलीत वारा नव्हता.

वहिनींनी चष्मा काढला. "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"ते किल्ल्यांचे बिल्ले?"

"माझेच."

"वकिलाचं अक्षर?"

"तेही."

"आणि काल मी हिला बोलत होते तेव्हा तुम्ही तिथे दारात उभे होतात."

"तेव्हा माहीत नव्हतं. पण दुपारी कळलं. दुपारपासून गप्प बसलो."

आता ठिणगी बोलली, आणि तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की पेंटरांना मान वळवावी लागली.

"मी तीनदा बेड मोजला, काका. तिसऱ्यांदा तर रडत मोजला."

"माहितीये. काचेतून दिसत होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, मशीन आहे."

"म्हणालो."

ती वळून निघून गेली. आतल्या खोलीत मशीनचं झाकण दाणकन आपटल्याचा आवाज आला, मग पाना पत्र्यावर फेकल्याचा. पेंटर खुर्चीतून उठले. "वहिनी, माझं सामान फार नाही. एक डबा आणि..."

"बसा खाली," वहिनी म्हणाल्या. "आधी मला नीट रागवू द्या. तुमच्या दोस्ताला तुम्ही अठरा वर्षं ओळखत होतात, मला बारा. बारा वर्षांत मी कुणाला हातामुळे काढलंय? डोक्यामुळे काढलंय. परवापर्यंत तुमचं डोकं ठीक होतं." त्यांनी फोन उचलला आणि नंबर लावला. पलीकडे मेकॅनिकने घेतला असावा. "हं, मी बोलतेय. येऊ नका. हो, नकोच. मशीन ठणठणीत आहे. आमच्या मुलीने तीनदा तपासलंय." 'आमच्या मुलीने' हे त्या आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलल्या. वहिनींची माफी मागायची पद्धत तेवढीच होती, आणि ती ज्यांना कळायची त्यांना कळत असे.

थोड्या वेळाने ठिणगी परत आली. डोळे लाल, पण चाल नेहमीची.

"उठा," ती पेंटरांना म्हणाली.

"अगं..."

"उठा म्हणते ना. बोलायचं नाहीये मला तुमच्याशी. काम करायचंय."

ती खुर्चीत बसली आणि प्रोग्रॅमच्या नव्हे, खुद्द कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरली. कुठे कुठे शोधत शेवटी एका यादीपाशी थांबली. हात अधू असलेल्या माणसांसाठीच्या सोयी, असं वर लिहिलं होतं. पेंटरांची नजर त्या ओळीवर अडकली. तिची अडकली नाही.

"हे बघा. एकच बटण लागोपाठ दोनदा पडलं, आणि मध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ असेल, तर कॉम्प्युटर दुसऱ्यांदाचं ऐकतच नाही. माझ्या मावशीला लावून दिलं होतं. दाबा डी."

पेंटरांनी दाबला. बोट थरथरत दोनदा पडलं. आकडा एकानेच वाढला.

"पुन्हा."

पुन्हा एकच.

"अर्धा सेकंद पुरेल?" ती म्हणाली. "का पाऊण करू?"

पेंटरांनी विचार केला. गेल्या दीड वर्षात आपल्या हाताबद्दल कुणी त्यांना असा सरळ, मापाचा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नव्हता विचारला. "मोजून बघू," ते म्हणाले.

मग दोघांनी मोजलं. पेंटर शंभर वेळा डी दाबत गेले आणि ठिणगी कागदावर काट्या मारत गेली. अर्ध्या सेकंदाला शंभरात तीन जुळी सुटली. पाऊणला एकही नाही. पण पाऊणला पेंटर फार हळू झाले, चिडले, आणि ठिणगी म्हणाली की तुम्ही चिडलात की जास्त हलतो हात, तेव्हा अर्धाच ठेवा आणि शेवटी मोजणी करा. कापायला फाइल आत देण्याआधी आकडा कागदावर लिहायचा, खाली तिची सही, त्याशिवाय मशीनचं झाकण उघडणार नाही.

"तुझी सही?" पेंटर म्हणाले. "साहेब झालीस की."

"झालेच. आणि उद्यापासून माझा चहा तुम्ही आणायचा. भरून."

"सांडेल गं."

"सांडला तर पुसायचा. तोही तुम्हीच."

पक्षी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मांडले. पेंटर म्हणाले, जुनी फाइल नको, जुनीत अजून काय काय चिकटलं असेल कुणास ठाऊक. चुंबक चालू, एक पक्षी, कंट्रोल-डी, ओढा, टच. ठिणगी शेजारी बसून मोठ्याने आकडे म्हणत होती. एका ओळीच्या शेवटी आकडा चौदा. पुढच्या ओळीच्या शेवटी अठ्ठावीस. एकदा मध्येच तिने विचारलं, "काका, भिंतीवर पण असंच करायचात? एक काढायचं आणि मग जुळी?"

"भिंतीवर प्रत्येक वेगळं यायचं," पेंटर म्हणाले. "लोकांना कळायचं नाही. मला कळायचं."

दुपारी दुसरी प्लाय आत गेली. काप पुरा व्हायला दोन तास दहा मिनिटं लागणार होती, आणि त्या वेळात वहिनी सहा वेळा काहीतरी निमित्त काढून आत येऊन गेल्या. किरण नवव्या ओळीवर आला तेव्हा तिघंही काचेला नाक लावून उभी होती. किरण कडेवरून एकदा फिरला, पुढे सरकला. पक्ष्याच्या आकाराचा तुकडा खाली बेडवर पडला. लाकडाला कॉफीसारखा हलका रंग आला होता, बस.

"पुढचा," ठिणगी पुटपुटली.

पुढचाही पडला. चौदा मोजून झाल्यावर वहिनींनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "पेंटरकाका, सोमवारी तुम्हाला सुट्टी. डॉक्टरकडे जायचं."

"शुक्रवारी आडोसा बसवून झाल्यावर बघतो..."

"सुट्टी मागितली का तुम्ही? मी दिलीये." मग त्या ठिणगीकडे वळल्या. "आणि तू पहिलीला फोटो घेऊन ये. ओळखपत्र करायचंय."

*

डॉक्टर तरुण होता. टेबलावर त्याच्या मुलीने काढलेला हत्ती काचेखाली ठेवलेला होता. त्याने पेंटरांचे हात समोर धरायला लावले, मग नाकाला बोट लावायला लावलं, मग त्याच्या बोटाला, मग पुन्हा नाकाला. मनगट धरून कोपर हलवून बघितलं. खोलीत चालायला लावलं. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

शेवटी त्याने एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"यावर गोल गोल काढायचं, काका. मधून सुरुवात करून बाहेर येत जायचं, गोगलगाईच्या शंखासारखं. हात कागदावर टेकवायचा नाही. घाई नाही."

पेंटरांनी कागद आपल्या समोर सरळ केला. पेन उचललं. किती दिवसांनी हातात असं काही धरलं होतं. कागदाच्या मध्यावर टोक टेकवलं, आणि रेघ लगेच दातेरी होऊन बाहेर पडली. करवतीच्या पात्यासारखी. त्यांनी ती थांबवली नाही. एक वेढा झाला, दुसरा, तिसरा. बायकोने मान दुसरीकडे वळवली. चौथा. पाचव्या वेढ्याला ते कागदाच्या कडेपर्यंत आले आणि थांबले.

डॉक्टरने कागद वळवून बघितला. बराच वेळ बघितला.

"रेघ हलतेय. पण दोन वेढ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे. असं सहसा येत नाही. काय काम करता?"

"पाट्या. आता कॉम्प्युटरवर करतो."

"हा जिवावर बेतणारा आजार नाही," डॉक्टर म्हणाला. "कंप आहे. गोळीने थोडा कमी होईल. जाणार नाही, हे आधीच सांगतो. काम सोडायची काहीच गरज नाही." आणि तो कागद फाइलमध्ये लावायला उचलू लागला.

"थांबा," पेंटर म्हणाले.

त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला. खाली उजव्या कोपऱ्यात, रेघेपासून दोन बोटं जागा सोडून, हात न टेकवता त्यांनी सावकाश तीन अक्षरं काढली: पेंटर, आणि त्यापुढे वर्ष. तीस वर्षं प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात काढायचे तशी. खाली एक छोटी रेघ ओढली. मग बॉलपेनची शाई वाळलेलीच असते हे विसरून त्या थरथरत्या अक्षरांवर हलकी फुंकर घातली, आणि कागद डॉक्टरच्या हातात दिला.